आमची वाटचाल : काउंट पास, काम नापास

लातूरच्या एमआयडीसीत २००९ ला जिवाणू खतं करायला शेड भाड्यानं घेतलं तेव्हा आम्ही दोघं होतो, मी आणि माझा कॉलेजचा मित्र. भांडवल म्हणजे त्याच्या मामाचे पैसे आणि माझ्या बायकोचे दागिने. सामान म्हणजे एक उभा ऑटोक्लेव्ह, एक शेकर, जुना फ्रीज आणि इथल्याच फॅब्रिकेटरकडून करून घेतलेला १०० लिटरचा फर्मेंटर (जिवाणू वाढवायची टाकी), ज्याचं झाकण पहिल्या दिवसापासून जे गळायला लागलं ते थांबलंच नाही. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर (दोन्ही हवेतलं नत्र धरणारे) आणि पीएसबी (आम्ल सोडून जमिनीत अडकलेलं फॉस्फेट मोकळं करणारे जिवाणू) एवढाच माल. त्यातला पीएसबी म्हणजे आमचा हुकमी एक्का, सुडोमोनास नावाच्या जिवाणूचा असा स्ट्रेन (वाण) की पिकोव्हस्कायाच्या प्लेटवर (१९४८ सालचं मिडियम आहे, अजून त्याला तोड नाही) कॉलनीभोवती पांढऱ्या फॉस्फेटात काचेसारखा गोल पडायचा, म्हणजे तिथलं फॉस्फेट विरघळलं, बघत बसावं असा.

सुरुवातीच्या वर्षांचं काय सांगायचं, माल जायचा, पैसे दिवाळीनंतर यायचे, खरिपाची उधारी तुम्हाला माहितीच आहे.

मग आलं २०१३. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, म्हणजे दुष्काळाच्या डोक्यावर खापर फोडायची पण सोय नव्हती. औशाकडचे काका आमचे पहिले डीलर, कृषी सेवा केंद्र आहे त्यांचं, माणूस असा की माल विकायच्या आधी स्वतःच्या रानात लावून बघणार. त्यांचा फोन आला, येऊन जा म्हणले. गेलो तर सोयाबीनच्या चार ओळी त्यांनी आमचं कल्चर न लावता सोडलेल्या. मला म्हणले, ओळख कोणत्या ते. मला ओळखता येईनात! बांधावर उभं राहून म्हणले, "काय पाजायलास रे लोकाला?"

आता आपली काळी जमीन चुनखडीची, पीएच आठच्या पुढं, कितीही आम्ल टाका ती पचवून टाकते, त्यामुळं पीएसबीचा रिझल्ट आपल्याकडं तसाही दांडग्या फरकानं दिसत नाही, हे मी तेव्हा पण सांगायचो आणि आजही सांगतो. पण आधीच्या वर्षांत काकांना थोडा तरी फरक दिसायचा. त्या वर्षी शून्य. आणि आमचा काउंट, म्हणजे जिवंत जिवाणूंची संख्या, मिलीला ३० कोटी! कायद्यानं लिक्विडला किमान १० कोटी लागतो. म्हणजे कागदावर आम्ही एकदम पास.

तेवढ्यात एका कंपनीच्या पोरांनी दुकानादुकानात पसरवलं की लातूरवाल्यांच्या बाटलीत नुसतं गूळपाणी आहे. नाव घेत नाही, पण कोण कोण होते ते तोंडपाठ आहे मला. दीड महिन्यात अर्धे डीलर गेले, माल परत आला, शेडमध्ये चालायला जागा नव्हती. आणि आमचे पार्टनरसाहेब त्याच दिवाळीत हिशोब करून बाहेर पडले, वाट्याला शेकर घेऊन गेले, आणि रुजू कुठं झाले असतील तर त्याच कंपनीत.

मी आधी लाइटला शिव्या दिल्या, लोडशेडिंगमध्ये कॉम्प्रेसर बंद पडतो आणि या जिवाणूला आम्ल करायला हवा लागते. मग जिवाणूंना खायला घालायच्या मळीवर संशय घेतला. मग एका मोठ्या शहरातल्या लॅबला ब्रॉथचं (जिवाणू वाढतात त्या पाण्याचं) सॅम्पल पाठवलं, साखर आणि आम्लं तपासायला, रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत, तसंच्या तसं. रिपोर्ट आला, ग्लुकोज शून्य आणि आम्लांची खिचडी. लॅबचा दोष नाही, गाढवपणा माझा. जिवंत पेशी बाटलीत घालून पाठवली तर ती रस्ताभर खातच बसणार ना! सॅम्पल काढला की बर्फात आणि लगेच ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पार, पेशी मागं राहिल्या पाहिजेत. पोरांनो, हे एवढं तरी लिहून ठेवा.

शेवटी ओळखीच्या फार्मसी कॉलेजमधल्या एका सरांनी रात्रीचं एचपीएलसी (द्रवातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन) वापरू दिलं. त्याचा कॉलम मी उधारीवर आणला, आम्लं २१० नॅनोमीटरवर बघायची. ग्लुकोजसाठी पॅथॉलॉजीवाल्याकडून शुगर तपासायचा किट आणला, जीओडी-पीओडी, ब्रॉथ पातळ करून चालतो मस्त (गंमत म्हणजे तो किट पण आधी ग्लुकोजचं ग्लुकॉनिकच करतो). दर दोन तासाला सॅम्पल, पीएच, साखर, आम्ल. आमच्या स्ट्रेननं लिटरला १० ग्रॅम ग्लुकोज १८ तासात फस्त केलं, पण पीएच सातवरून ६.३ वरच अडकला आणि ग्लुकॉनिक ॲसिडचं टोक एचपीएलसीच्या आलेखावर जवळजवळ नाहीच. पेशी मात्र भरपूर. म्हणजे खाऊन नुसते वाढायलेत, कामाला कोणी जाईना!

त्याचं असं असतं, चांगला पीएसबी ग्लुकोज आत घ्यायच्या आधी पेशीच्या आतल्या पडद्याच्या बाहेरच्या अंगाला त्याचं ग्लुकॉनिक करतो, ग्लुकोज डीहायड्रोजनेज म्हणून एन्झाइम आहे, त्याला पीक्यूक्यू नावाचा जोडीदार रेणू लागतो. ते आम्ल बाहेरच राहतं आणि फॉस्फेट मोकळं करतं. आम्ही मात्र मदर कल्चर (ज्यातून प्रत्येक बॅच सुरू होते ते मूळ बी) चार वर्षं न्यूट्रिएंट ब्रॉथवर, म्हणजे आयत्या खाऊवर, फिरवत बसलो, तिथं फॉस्फेट फुकट, आम्लाची गरज कुणाला? जे नुसते वाढत होते तेच पुढं गेले. काउंट त्यांचाही तेवढाच येतो ना, प्लेटवर कॉलनी कामाची का बिनकामाची हे लिहिलेलं नसतं.

मूळ स्ट्रेन आता आणायचा कुठून? काकांना सहज बोललो तर म्हणले, तुझ्या पहिल्या बॅचची एक बाटली आहे की, दुकानाच्या कोल्ड्रिंकच्या फ्रीजमध्ये मागं पडलीय. २०१० ची! ती आणली, पिकोव्हस्कायावर पसरली, अकरा कॉलन्यांना गोल आले. त्यातली एक लावली फर्मेंटरला आणि रात्री अडीचला पीएच ४.१ दिसला तेव्हा मी मीटर खराब झाला म्हणून परत बफर लावून बघितलं. खराब नव्हता.

त्या कॉलनीच्या २० टक्के ग्लिसरॉलमध्ये शंभर कुप्या करून ठेवल्या, दर सीझनला एक नवी फोडायची, फिरवत बसायचं नाही. आणि हो, नवीन युनिट टाकणाऱ्यांना सांगतो, लोन काढून एचपीएलसी घेऊ नका. आधी चांगला पीएच मीटर, ब्युरेट आणि कॉस्टिक सोडा घ्या, आम्ल होतंय का नाही ते टायट्रेशन पण सांगतं.

२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा पण आम्ही बंद पडायच्या बेतात होतो, ऑटोक्लेव्हला पाणी नव्हतं, ते परत कधीतरी. मधली वर्षं नीट गेली. काका अजून चार ओळी सोडतात आणि दिवाळीपर्यंत काही बोलत नाहीत.

आमचे जुने पार्टनर गेल्या उन्हाळ्यात उदगीरला एका लग्नात भेटले. पंगतीत शेजारीच बसले. म्हणले, आमच्या पीएसबीचा काउंट झकास येतो रे, पण रानात काही दिसेना. मी विचारलं, पीएच कितीवर उतरतो? म्हणले, ते कशाला बघायचं?

मी म्हणलं, जिलेबी घे अजून.