बसला बघा थिबा!

आजोळी दुपारची जेवणं झाल्यावर कुणी ओटीवर नुसतं बसून राहिलं की आजी करवादायची, "बसला बघा थिबा! ऊठ, आमसुलं खालीवर करून ये." मे महिन्यात रत्नागिरीच्या अंगणात वाळवणांना तोटा नसतो, त्यामुळे आम्ही पोरं दिवसातून दहादा थिबा व्हायचो. थिबा म्हणजे आळशी माणूस, अशीच माझी कितीतरी वर्षं समजूत होती. संध्याकाळी मामा थिबा पॉइंटवर सूर्यास्त दाखवायला न्यायचा, तेव्हा वाटायचं, हा आळशी बसायला येत असेल ती जागा.

परवा काम लवकर आटोपलं आणि बसला तीन तास होते, म्हणून थिबाच्या राजवाड्यात शिरले. जांभ्या दगडाचा तीन मजली वाडा, उतरती छपरं. जुन्या मोठ्या घरात गेले की माझी एक खोड आहे. दालनं, झुंबरं राहू देत बाजूला. घरातलं माणूस दुपारी कुठे टेकत असेल ती जागा मी शोधते. आजीची होती झोपाळ्याची डावी कड. तिथली फळी बसून बसून काचेसारखी झाली होती. इथे बराच वेळ काही सापडेना. मग वर एक अर्धगोल खिडकी दिसली, कोरीव लाकडाची. बाहेर माडांचे शेंडे आणि त्यांच्यापलीकडे भाट्याची खाडी. इथेच, दुसरीकडे कुठे बसणार?

१८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेहून उचलला तेव्हा ब्रह्मदेशाचा हा राजा जेमतेम सव्वीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी रत्नागिरीत आणून ठेवला. हा वाडा उभा राहिला १९१० मध्ये. तोवर सरकार देईल त्या बंगल्यात बिऱ्हाड. वाड्यात राहिला सहा वर्षं. १९१६ च्या डिसेंबरात गेला.

आजीच्या ओटीचे खांब बर्मा सागाचे. पाहुणा आला की ती आधी खांबावर थाप मारून दाखवायची, मग पाणी विचारायची. राज्य गेलं त्या युद्धाला निमित्तही सागच. बॉम्बे-बर्मा कंपनीला ओंडक्यांच्या हिशेबावरून थिबाच्या दरबाराने जबर दंड ठोठावला, इंग्रजांना तेवढं पुरलं. लाकूड मात्र खुशाल येत राहिलं, आमच्या ओटीपर्यंत. आजीला यातलं काही ठाऊक नसावं. असतं तरी थाप मारलीच असती म्हणा.

"ताई, वेळ झाली," खालून रखवालदाराने हाक मारली. किती वेळ बसले होते कोण जाणे.

राणी सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परतली. राजाची समाधी रत्नागिरीतच आहे आणि इतक्या सुट्ट्या काढूनही मी ती पाहिलेली नाही. बाहेर येऊन रिक्षावाल्याला म्हटलं, "थिबाच्या समाधीशी सोडाल?"

"थिबा पॉइंट ना?"

"बरं, तिकडेच घ्या."