ओहायोतला लिंबूटिंबू

काल रात्री पावणेबाराला मेसेज आला: अकरा विरुद्ध एक, ठराव यंदापुरता नामंजूर. मी तेव्हा गणपतीसमोरची निरांजनं आवरत होते. इथे कोलंबसमध्ये चतुर्थीचा बुधवार म्हणजे नुसता बुधवार. दिवसभर ऑफिस, आल्याआल्या मोदक, सातला आरती, आणि नाशिकला फोन लावावा तर तिथे पहाटेचे साडेचार. त्याच रात्री बाराला आमच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंचे कागदावर संघ करून खेळायच्या स्पर्धेत, कीपर जाहीर करायची मुदत संपत होती. विरोधातलं ते एक मत आमच्या कमिशनरचं, म्हणजे लीग चालवणाऱ्याचं, होतं. ठराव माझा, लीगमध्ये नव्याने आलेल्याला एक खेळाडू ड्राफ्टआधी निवडू द्यावा असा. आठवड्यापूर्वी हाच ठराव त्यानेच उचलून धरला होता.

दादाला गेल्या शनिवारी हे सगळं सांगत होते तर तो म्हणाला, "अगं, इकडे ड्रीम इलेव्हनवरचे पैशांचे सामने बंद झाले आणि तू तिकडे कसली लीग घेऊन बसलीस?" ते वेगळं आणि हे वेगळं. आमच्याकडे बारा जणांचे बारा संघ. ऑगस्टअखेर एकदाच ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडायचे, आणि मग डिसेंबरपर्यंत त्याच संघाला घेऊन बसायचं. एक खेळाडू एकाच संघाकडे. रविवारी खऱ्या सामन्यात तो जितके यार्ड धावेल, जितके चेंडू झेलेल, त्या हिशेबाने गुण आपले. १९६२ साली ओकलंड रेडर्सचे एक भागीदार बिल विंकनबाख यांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसून याचे पहिले नियम लिहिले. आणि आमचं गाव तर एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य व्यावसायिक लीगच्या, माहेरचंच. तिची स्थापना १९२० साली कँटनमध्ये झाली, इथून दोन तासांवर. त्यामुळे ऑफिसातले लोक यावर जेवणाच्या सुट्टीत बोलतात ते आपण क्रिकेटवर बोलावं तसं, जिवाभावाने.

कीपर म्हणजे गेल्या मोसमातला खेळाडू पुढच्या मोसमात आपल्याकडेच ठेवणं. हे ऐकल्यावर दादा म्हणाला, "मग हे आपलं रिटेन्शनच की!" अगदी तेच. आयपीएलच्या २०२५च्या मोसमाआधी मुंबईने बुमराह, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक वर्मा हे पाच ठेवले, तेव्हा १२० कोटींच्या थैलीतून ७५ कोटी लिलावाआधीच वजा झाले. ठेवायचं तर किंमत मोजायची. आमच्याकडे पैशांऐवजी फेऱ्या वजा होतात, एवढाच फरक. गेल्या वर्षी सातव्या फेरीत घेतलेला खेळाडू ठेवायचा असेल तर यंदा पाचव्या फेरीतली आपली निवड सोडून द्यायची. पहिल्या दोन फेऱ्यांतले खेळाडू ठेवताच येत नाहीत, नाहीतर ज्याला एकदा हिरा मिळाला तो कायमचा राजा. जास्तीत जास्त दोन खेळाडू, आणि एक खेळाडू सलग दोनच वर्षं.

हे चार नियम सांगायला चार ओळी लागल्या, पण ठरवायला आम्हाला एक अख्खा हिवाळा लागला. आणि त्या हिवाळ्यात मी जे गमावलं ते मला अजून बोचतं.

मी लीगमध्ये आले २०२३च्या ऑगस्टमध्ये. तेव्हा कीपर वगैरे काही नव्हतं, दरवर्षी पाटी कोरी. मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. याच कमिशनरने दोन दुपारी माझ्या शेजारी बसून कागदावर मैदान काढून एकेक जागा समजावली. पहिल्या रविवारी लॉस एंजेलिस रॅम्सच्या एका नवख्या पोराने दहा झेल घेतले, ११९ यार्ड. पुका नाकुआ त्याचं नाव. खऱ्या, म्हणजे एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये तो पाचव्या फेरीत, १७७वा निवडला गेलेला. आमच्या बारांपैकी कोणीच त्याला घेतलं नव्हतं. रॅम्सचा मुख्य झेलणारा कूपर कप जखमी आहे तोवर चेंडू याच्याकडेच येणार, हे मी त्या रात्री बसून वाचून काढलं आणि मंगळवारी रात्री वेव्हरवर, म्हणजे कोणाच्याच संघात नसलेल्यांच्या यादीतून, त्याला मागून घेतलं. पुढच्याच रविवारी त्याने पंधरा झेल घेतले. मोसम संपला तेव्हा त्याचे १०५ झेल आणि १,४८६ यार्ड झाले होते आणि नवख्यांचे दोन्ही विक्रम मोडले होते. माझ्या नजरेने शोधलेला खेळाडू होता तो. नशिबाने पदरात पडलेला नव्हता.

आणि त्याच जानेवारीत लीगने ठरवलं की आता कीपर सुरू करायचे.

मी अर्थातच खूश. वेव्हरवरून घेतलेल्या खेळाडूची किंमत काय, यावर पहिला वाद झाला. एकजण म्हणाला, ज्यावर ड्राफ्टमध्ये निवड खर्चच केली नाही तो ठेवता येऊ नये. दुसरा म्हणाला, शेवटची फेरी लावा. ठरली दहावी. मग वर्षानुवर्षं खेळलेल्या एकाने पळवाट दाखवली, ती मला फार आवडली. समजा तिसऱ्या फेरीत घेतलेला मोठा खेळाडू ऑक्टोबरमध्ये जखमी झाला. त्याला सोडून द्यायचं, आठवड्याने वेव्हरवरून परत उचलायचं, आणि पुढच्या वर्षी तिसऱ्याचा माल दहाव्या फेरीत. म्हणून नियम झाला की ड्राफ्टमध्ये एकदा लागलेली किंमत त्या मोसमापुरती खेळाडूला चिकटलेली राहील. कोणी सोडो, कोणी उचलो, दुसऱ्या संघाशी अदलाबदल होवो, किंमत त्याच्याबरोबर जाते. दोन कीपर एकाच फेरीत आले तर एकाला एक फेरी वर सरकायचं. तळाच्या संघाने डिसेंबरमध्ये आपले सगळे बडे खेळाडू पहिल्या संघाला देऊन पुढच्या वर्षीचे कीपर गोळा करू नयेत, म्हणून अदलाबदलीची मुदत नोव्हेंबरच्या मध्यावर आणली. इतक्या बारकाईने, न चिडता, एकमेकांच्या शंका लिहून घेत बारा माणसं बसली होती. आमच्या नाशिकच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा एक नियम करताना काय होतं ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. मला या माणसांचं खरंच कौतुक वाटलं.

मग कमिशनरने शेवटचं वाक्य लिहिलं: हे सगळं २०२४च्या ड्राफ्टपासून. म्हणजे पहिले कीपर २०२५मध्ये. म्हणजे माझा नाकुआ गेला.

कमिशनरचं म्हणणं असं, की २०२३मध्ये ड्राफ्ट करताना कोणालाच माहीत नव्हतं की पुढे कीपर होणार आहेत. माहीत असतं तर लोकांनी म्हातारे धावपटू सोडून तरुण पोरं घेतली असती, वेव्हरवर वेगळे दावे लावले असते. खेळ संपल्यावर नियम करून त्याचं बक्षीस वाटायचं नाही. त्यात गैर काय, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही येत नाही. पण दहाव्या फेरीत नाकुआ! घरी येऊन मी नवऱ्याजवळ रडले होते. (२०२४च्या पहिल्याच सामन्यात नाकुआचा गुडघा दुखावला आणि तो पुढचे पाच सामने बाहेर होता, म्हणून "बरंच झालं" असं मला पुष्कळांनी सांगितलं. नाही झालं. तो परत आल्यावर पुन्हा तसाच खेळला.)

आता यंदाचं. लीगमधला एकजण नोकरी सोडून टेक्ससला गेला आणि त्याचा संघ एका नव्या मुलाकडे आला, नुकताच कॉलेजातून आलेला. अशा संघाला इथे अनाथ संघ म्हणतात. त्या संघाने २०२४मध्ये पहिली निवड ख्रिश्चन मॅकाफ्रीवर लावली होती आणि मॅकाफ्री अख्ख्या मोसमात चार सामने खेळला. तो ठेवताही येत नाही, पहिल्या फेरीतला ना! बाकीच्यांत ठेवण्यासारखं कोणी नाही. माझ्याकडे मात्र टँपा बेचा बकी अर्व्हिंग आहे. अकराव्या फेरीत घेतला होता, गेल्या मोसमात १,१२२ यार्ड धावला, यंदा नवव्या फेरीत माझ्याकडेच राहणार. हा मुलगा दुसऱ्याची चूक घेऊन सुरुवात करणार आणि मी दोन वर्षांची पुण्याई घेऊन.

तेव्हा मला आमच्या गल्लीतला लिंबूटिंबू आठवला. लगोरी असो, डबा ऐसपैस असो, क्रिकेट असो, ज्याचा धाकटा भाऊ मागे लागून यायचा त्याला आम्ही परत नाही पाठवलं. तो लिंबूटिंबू. त्याच्यावर राज्य येत नाही, पहिल्या चेंडूवर आउट नाही. वर्षभराने तो आपोआप पक्का भिडू व्हायचा. मी ठराव लिहिला: नव्याने आलेल्याने पहिल्या वर्षी, इतरांनी कीपर जाहीर केल्यावर, त्यांनी न ठेवलेल्या खेळाडूंतून एक ड्राफ्टआधी निवडावा, किंमत सहावी फेरी, पहिल्या दोन फेऱ्यांतला खेळाडू चालणार नाही. पहिल्या मतदानात नऊ विरुद्ध तीन. मंजूर, पण आमच्याच घटनेप्रमाणे पुढच्या मोसमापासून. यंदाच लागू करायचा तर बाराच्या बारा मतं हवीत.

म्हणून मी त्या तिघांकडे गेले. एकाबरोबर कॉफी घेतली, एकाच्या टेबलाशी अर्धा तास बसले, तिसऱ्याला गाडीतून घरी सोडताना पटवलं. तिघेही आले. आणि बारावं मत गेलं ते कमिशनरचं.

आज सकाळी मी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, कीपर कोण ठेवायचे आणि कोण सोडायचे हे लोक गेले सहा महिने ठरवतायत. ज्यांना सोडलं ते रविवारच्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांना खुले असतील हे धरून सोडतायत. मी म्हटलं, अरे, ज्यांचा हिशेब चुकणार तेच अकरा जण हो म्हणाले ना? त्यावर तो जे बोलला ते मला लागलं. म्हणाला, "तिघांनी नको म्हटलं होतं. ते ठरावामुळे बदलले नाहीत, तू त्यांच्याकडे गेलीस म्हणून बदलले."

हो, गेले मी. आपल्याकडे माणसाला भेटून, बसवून, चहा देऊन पटवतात, आणि त्यात लबाडी नसते. माझ्या आईने अख्ख्या कॉलनीतून बालवाडीसाठी जागा अशीच मिळवली, एकेका घरी जाऊन. कागदावर हो किंवा नाही टिचकी मारणारा माणूसच तेवढा स्वतंत्र, आणि समोर बसून ऐकून घेऊन मत बदलणारा दबलेला, हे मला मान्य नाही. त्या तिघांना मी काही दिलं नाही, काही मागितलं नाही. त्यांनी त्या मुलाची बाजू ऐकली.

दादाला सकाळी हेही सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या कमिशनरला धोनीचं सांग." पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्याला अनकॅप्ड, म्हणजे देशासाठी कधीच न खेळलेल्यासारखा, धरायचं, म्हणून चेन्नईने धोनी चार कोटींत ठेवला, त्यावरून. मी म्हटलं, तो नियम पूर्वीही होता, मध्ये काढला होता, परत आणला. "पण परत आणला कधी, ते बघ ना," दादा म्हणाला. मला उत्तर देता आलं नाही. दादा माझीच बाजू घेत होता, पण ऐकताना मला कमिशनरचाच चेहरा दिसत होता. आपल्याकडे माणूस बघून नियम वाकतो असं कोणी म्हटलं की मला राग येतो. मी स्वतः तर एका मुलाकडे बघूनच ठराव लिहिला होता. पण धोनीला मिळालं ते सगळ्यात मोठ्याला मिळालं, आणि मी मागत होते ते सगळ्यात धाकट्यासाठी. या दोन गोष्टी माझ्या लेखी एक नाहीत, आणि कमिशनरने त्या एका तराजूत घातल्या याचं दुःख आहे. तरी ज्याने नाकुआच्या वेळी मला नाही म्हटलं त्याने आत्ता, दहा जण माझ्या मागे असताना, एकट्याने परत तेच म्हटलं. माझ्यासाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरं असं त्याने केलं नाही, हे मला मान्य करावंच लागतं.

लीगच्या घटनेत २०२६पासूनचं कलम आता आहे. कमिशनरने ते लिहिताना नाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्याने रोमन अक्षरांत "लिंबूटिंबू" असंच टाकलंय. उच्चारही दोनदा विचारून घेतला.

ड्राफ्ट रविवारी सातला. शनिवारी ठेवणं शक्यच नव्हतं, दुपारी ओहायो स्टेट आणि टेक्सस या विद्यापीठांचा फुटबॉल सामना इथेच आहे आणि सगळं गाव तिथे. रविवारी नाशिकला गौरी येतील. आमचा इथला गणपती पाच दिवसांचा, त्यामुळे दुपारी विसर्जन आणि संध्याकाळी ड्राफ्ट. त्या मुलाच्या चिठ्ठीत बारावा क्रमांक निघाला. ड्राफ्ट सापासारखा वळतो, पहिली फेरी एक ते बारा, दुसरी बारा ते एक, म्हणजे त्याची बारावी आणि तेरावी निवड लागोपाठ. पण तिथून पुढे चोविसाव्यापर्यंत आणि मग अकरा जण परत येईपर्यंत नुसतं बघत बसायचं, त्यामुळे जोडीने विचार करावा लागतो. एक धावपटू, एक झेलणारा, की दोन्ही झेलणारे? त्याला हे कोणी सांगितलेलं नाही. सल्ला देण्यावर घटनेत बंदी नाही, मी काल रात्रीच परत वाचून पाहिलं.

उद्या संध्याकाळी तो घरी येतोय. साठ नावांची यादी काढून ठेवली आहे, कोण कोणत्या फेरीपर्यंत उरेल ते समोर लिहून. मंगळवारी रात्री वेव्हर कसा वाचायचा तेही दाखवेन. थोडी उकड जास्तच काढणार आहे, त्याने मोदक कधी खाल्लेला नाही.