कात्रीच्या आधी झारी

बोन्सायचा नाद लागला की माणूस आधी झाड शोधत नाही, हत्यारं शोधतो. हत्यारंही अशी देखणी की त्याला बोल लावावासा वाटत नाही. कॅनव्हासची गुंडाळी सोडावी, ती टेबलावर उलगडत जावी आणि एकेका खणातून काळसर पोलादी मुठी डोकावाव्यात. लांब पायांची कात्री, आखूड कात्री, बाकदार जबड्याचा कटर, गोल जबड्याचा कटर, तार तोडायची पक्कड, मुळं विंचरायचा आकडा, चिमटा, छोटासा ब्रश. मोठ्या शस्त्रक्रियेची तयारी असावी तसा थाट. रोगी मात्र वीतभर उंचीचं, चार फांद्यांचं एक फायकस (वड-पिंपळाच्या कुळातलं झाड), आणि तेही ठणठणीत.

या गुंडाळीतली बहुतेक हत्यारं काहीतरी कमी करण्यासाठी आहेत. फांदी कमी, मूळ कमी, गाठ कमी. नवशिक्याच्या झाडाला सुरुवातीची काही वर्षं हवं असतं ते नेमकं उलट. खोड जाड व्हायला हवं, आणि ते होतं फांद्या-पानं मोकळी वाढू दिली तरच. पण नवी कोरी कात्री घरात आली की हात शिवशिवतात. आज एक शेंडा, उद्या दोन पानं. झाड आहे तिथेच राहतं, आणि मालक मात्र आपण रोज बोन्साय करतो आहोत अशा समाधानात असतो.

म्हणून सुरुवातीला काय घेऊ असं कुणी विचारलं की मी झारी म्हणतो. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. झारीत काय शिकायचं, असं त्याला वाटत असणार. पण कुंडी उथळ असते. साध्या नळाची धार सोडली तर वरची माती वाहून जाते आणि मुळं उघडी पडतात. लांब नळीची, अगदी बारीक भोकांच्या तोंडाची झारी हवी. ते तोंड वरच्या बाजूला वळलेलं असेल तर उत्तम. पाणी आधी वर जातं आणि मग भुरभुरत खाली येतं. पहिल्या फेरीत माती नुसती ओली करायची, जरा थांबून दुसऱ्या फेरीत तळाच्या भोकांतून निथळेपर्यंत घालायचं. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानात एक जपानी पाइन आहे. १६२५ पासून त्याची जोपासना चालू आहे असं सांगतात. हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाचं हे झाड ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बमधून वाचलं आणि १९७६ साली मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिलं. बॉम्बची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त थक्क करते : एवढ्या पिढ्यांमध्ये पाणी घालायची पाळी कुणीच फार दिवस चुकवलेली नाही.

झारीनंतर माती. इथे मात्र हात आखडू नये. बागेतली सुपीक, मऊ, काळी माती उथळ कुंडीत भरली की ती झाडाच्या मुळावर उठते. कारण साधं आहे. कुठल्याही कुंडीत पाणी निथळून गेल्यावर तळाशी थोड्या उंचीचा एक चिंब थर उरतोच. त्याची उंची मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. हातभर खोल कुंडीत तो थर तळाशी पडून राहतो, मुळं वर मजेत असतात. दोन बोटं खोल तसराळ्यात तोच थर जवळजवळ वरपर्यंत येतो आणि मुळांना हवाच मिळत नाही. कण जाड असले की थर खाली बसतो. (निचरा व्हावा म्हणून तळाशी खडे घालायची जुनी सवय इथे उपयोगाची नाही, खड्यांनी तो ओला थर उलट वर उचलला जातो.)

म्हणून बोन्सायची माती ही खरं तर खडीच असते. जपानमध्ये आकादामा वापरतात. ज्वालामुखीच्या राखेतून तयार झालेल्या तांबूस मातीचे दाणे. कोरडे असताना फिके, ओले झाले की गडद, त्यामुळे पाणी कधी घालायचं ते माती स्वतःच सांगते. तोचिगी प्रांतातल्या कानुमा शहराच्या नावाने ओळखली जाणारी पिवळसर कानुमा माती आम्लधर्मी असते, म्हणून ती अझेलिया या फुलझुडपाला मानवते. हे मिळालं तर छान. नाही मिळालं तर विटांचा चुरा, प्यूमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड), जाड वाळू आणि थोडं पालापाचोळ्याचं खत, एवढ्यावर भागतं. महत्त्वाची आहे ती चाळणी. दोन ते सहा मिलिमीटरचे दाणे ठेवायचे आणि खाली पडलेली भुकटी मोह न धरता टाकून द्यायची. चाळताना अर्धी माती डोळ्यांदेखत वाया जाते, ते पाहवत नाही. पण टाकतो ते बरोबर तेच असतं जे पुढे दाण्यांमधल्या फटी बुजवून बसलं असतं.

कुंडी भरताना लागते एक लाकडी काडी. चॉपस्टिक म्हणा, टोक घासलेली बांबूची काडी म्हणा. मुळांच्या जाळ्यात ती हलक्या हाताने खुपसत राहायचं, दाणे आपोआप पोकळीत उतरतात. या काडीइतकं वापरात येणारं दुसरं हत्यार नाही, आणि गुंडाळीत तिला खण नसतो.

१९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर तोक्योतले काही बोन्सायवाले जागा शोधत बाहेर पडले आणि १९२५ साली त्यांनी ओमिया इथे बोन्सायचं गाव वसवलं. त्यांनी जागा निवडली ती स्वच्छ पाणी आणि मोकळी जमीन बघून. गावात राहायला येणाऱ्यांसाठी नियमही केले : निदान १० बोन्साय असावेत, कुंपण जिवंत झुडपांचं असावं, दुमजली घर बांधू नये. हत्यारांबद्दल त्यात चकार शब्द नाही.

फांदीला हवं ते वळण देण्यासाठी तिच्याभोवती गुंडाळतात त्या तारेबद्दल थोडं. सुरुवातीला ॲल्युमिनियमची घ्यावी. ती मऊ असते आणि चूक सहन करते. तांब्याची तार वाकवताच ताठरते, तिला पाइन-ज्युनिपरसारखी दमदार फांदी हवी. जाडी साधारण फांदीच्या एक तृतीयांश, वेढे पंचेचाळीस अंशांत. पहिले वेढे झाडावर घालू नयेत, छाटलेल्या फांदीवर घालावेत. ती मोडली तरी कुणाचं काही जात नाही. काढताना उलगडायच्या फंदात पडू नये, तुकडे करून काढावी. तार तोडायच्या पक्कडीची धार थेट टोकाशी असते ती त्यासाठीच : साल न दुखवता नेमका वेढा तुटतो. जोमाच्या दिवसांत फायकसवर ही तार काही आठवड्यांत रुतते आणि तिचे वळ वर्षानुवर्षं जात नाहीत.

आता तो बाकदार जबड्याचा कटर. तो घ्यावा, पण सगळ्यात शेवटी, आणि घेताना नीट निरखावा. साध्या कात्रीने फांदी काढली तर खोडावर एक खुंट उरतो. त्याच्यावरून साल वाढत आली की तिथे कायमचं टेंगूळ. हा कटर खोडात किंचित खोलगट चावा घेतो. जखमेच्या कडेने नवी साल गुंडाळत आत येते, तो खळगा भरते आणि खोडाच्या पातळीला येऊन थांबते. म्हणजे हत्याराच्या धारेतच झाडाची पुढची दोन-चार वर्षं धरलेली असतात. फायकस कापल्यावर चीक येतो, तो लगेच पुसावा. पातं स्पिरिटने पुसून तेलाचा हात फिरवून ठेवावं, कार्बन पोलाद फार लवकर गंजतं. आणि या कटरने तार कापू नये. एकदा दातरा पडला की तो घाव साफ घेत नाही.

राहिली कुंडी. जपानमधल्या टोकोनामे या कुंभारकामाच्या गावच्या, झिलई न केलेल्या तपकिरी कुंड्या बघून जीव जातो हे मान्य. पण कुंडीची खोली साधारण बुंध्याच्या जाडीइतकी असावी असा ढोबळ नियम आहे, आणि आपल्या फायकसचा बुंधा आज पेन्सिलीएवढा आहे. त्या हिशेबाने कुंडी पेन्सिलीच्या जाडीएवढी खोल घ्यावी लागेल. तेव्हा तूर्तास भरपूर भोकं पाडलेला, ऐसपैस प्लास्टिकचा टब. भोकांवर जाळी तेवढी तारेने पक्की बांधा, नाहीतर चाळून ठेवलेली सगळी माती खालून निघून जाईल.