काकांचा लेथ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि पहिले आठवले ते काका. ते शाळेचे शिक्षक नव्हते. पण आपल्या तंत्र विभागातले वाईस, कानशी, टॅप-डाय हे बहुतेक सगळं मारुती चौकामागच्या त्यांच्या दुकानातून आलेलं, हे किती जणांना ठाऊक असेल? साखर कारखाने, सूतगिरण्या, रेल्वे यांच्या लिलावात उचललेला माल ते विकायचे. दुकानामागेच घर आणि घराला लागून पत्र्याची शेड. शेडमध्ये त्यांचा लेथ, म्हणजे लोखंड फिरवत कापायचं यंत्र. वर्कशॉपच्या सरांनी धाडलेल्या पोराला तिथं कधी मज्जाव नसे.

लेथ जुना, विलायती, इंचातला. कापणारं हत्यार पुढं सरकवणाऱ्या लांब लीड स्क्रूला इंचाला चार आटे. त्यावर मिलिमीटरचे आटे अचूक पाडायचे तर १२७ दातांचा गिअर लागतो आणि नेमका तोच नव्हता. काहीजण जवळपास निम्म्या, ६३ दातांच्या गिअरवर थोडी चूक सोसून भागवतात. काकांना भागवणं मान्य नव्हतं. एकदा लिलावातून गिअरचं पोतं आलं, ते त्यांनी माझ्यापुढं ओतलं. "बघतोस काय? मोज की!"

ग्रीस पुसायचं, एका दातावर खडूची खूण करायची आणि मोजत जायचं. दिवेलागणीला १२७ सापडला. काकांनी पुन्हा मोजायला लावला. तेवढेच भरले. मग विचारलं, "ह्याच्याऐवजी दोन लहान गिअर जोडले तर?" मला सांगता येईना. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. आणि १२७ ही मूळ संख्या, फोडताच येत नाही! गणिताच्या वहीतली मूळ संख्या त्या दिवशी मला कळली. काम फिरवणाऱ्या स्पिंडलकडं ४० चा गिअर, लीड स्क्रूवर १२७ चा, मध्ये दोन्हींना जोडणारा आयडलर गिअर चढवून काकांनी २ मिलिमीटर पिचचा, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर असलेला, आटा पाडला. नट मला फिरवायला दिला. काय सुरेख बसला होता!

आज कुपवाड एमआयडीसीत माझे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे लेथ आहेत. पिचचा आकडा घातला की आटा तयार. कामाला येणारी मुलं हुशार आहेत, पण हा आकडा मशीन पाळतं कसं, हे कुणी विचारत नाही, याचं वाईट वाटतं.

काका गेले. २०१९ च्या महापुरात शेड बुडाली आणि गंजलेला लेथ वजनावर विकला गेला. मला कळेपर्यंत उशीर झाला होता. आपलं वर्कशॉपही बंद झालं म्हणतात. शाळेनं ते पुन्हा काढावं. लेथ मी देतो, इंचातला, बदलायच्या चेंज गिअरसकट. शनिवारी शिकवायलाही येईन.