पाहुण्यांच्या रांगेत

नगर, बुधवार, रात्र

आज दुपारी जेवताना मावशीने माझ्यापुढे पाण्याची सीलबंद बाटली ठेवली, आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. वास्तविक त्यात खटकण्यासारखे काहीच नव्हते. अमेरिकेतल्या मंडळीतर्फे इथल्या मंडळींच्या भेटीला आलेल्या आमच्या गटातील प्रत्येकापुढे तशीच बाटली होती. शिवाय उघड्या भांड्यातले पाणी पिऊ नये, बर्फ घेऊ नये, कच्ची कोशिंबीर टाळावी, या सूचना मॅसॅच्युसेट्सहून निघण्यापूर्वीच्या बैठकीत सर्वांना मीच वाचून दाखवल्या होत्या. त्या वाचताना त्या मलाही लागू आहेत असे मात्र क्षणभरही वाटले नव्हते. मी माठातले पाणी मागितले, तेव्हा मावशी म्हणाली, “नको गं बाई, तुला आता इथलं सोसत नाही. गेल्या खेपेला पोट धरून बसली होतीस.” तिचे म्हणणे खरे होते, आणि खरे होते म्हणूनच ते जास्त लागले.

काल आमच्या ख्रिस्ती देवळातही असेच झाले होते. वेदीपुढे पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या आणि दुभाषी म्हणून मला त्यांच्यातच बसवले होते. पंचकमिटीच्या ज्या वृद्ध गृहस्थांनी मला शब्बाथ शाळेत दहा आज्ञा पाठ करायला लावल्या, त्यांनीच माझ्या खांद्यावर शाल घातली आणि हात जोडून इंग्रजीत स्वागत केले. समोर सतरंजीवर वसतिगृहाच्या मुली स्वागतगीत म्हणत होत्या. चाल तीच होती. त्या सतरंजीवर बसून परदेशी पाहुण्यांच्या बुटांकडे पाहत तेच गीत मी कितीदा म्हटले असेन, आणि काल त्या मुली माझ्या बुटांकडे पाहत होत्या. वहिनी टाळ्या वाजवणाऱ्यांत होती. तिला काय वाटले हे मी विचारले नाही, आणि विचारणारही नाही.

माझ्या मनाचा हा हट्ट चमत्कारिक आहे, कारण कागदोपत्री माझी जागा केव्हाच ठरून गेली आहे. आज सकाळी गटाने वसतिगृहासाठी जमवलेल्या पैशांचे पाकीट पुढे केले, तेव्हा अधीक्षकांनी ते अत्यंत नम्रपणे परत दिले. परदेशी देणगी केवळ त्यासाठी केंद्र सरकारकडे नोंदणी झालेल्या किंवा पूर्वपरवानगी मिळालेल्या संस्थेलाच घेता येते, आणि परदेशी देणगी कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीपासून तर ती दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते, हे त्यांनी समजावून सांगितले आणि मी त्याचे भाषांतर केले. पाकीट परत आल्यावर मी हळूच विचारले की, आजीच्या नावाने मला वेगळे काही द्यायचे आहे, ते कसे द्यावे? तेव्हा ते हसून म्हणाले, “ताई, तुमचाही रस्ता तोच.” ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे कार्ड, असले तरी नागरिकत्व परदेशी, म्हणजे देणगीही परदेशीच. शिवाय २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा कार्डधारकाला मिशनरी कामासाठी वेगळी परवानगी लागते, म्हणून ज्या मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला तिच्या उपासनेत मी या खेपेस इतरांचे बोलणे मराठीत सांगण्यापलीकडे काहीही करत नाही. हे नियम मला मुळीच टोचले नाहीत. सरकारने परके म्हटले ते मी मुकाट्याने ऐकून घेतले, पण मावशीच्या हातची बाटली सहन होईना.

कबरस्तानात जायचे अजून राहिले आहे. त्याविषयी आज लिहीत नाही.

संध्याकाळी ह्यूमसाहेबांचा विचार मनात आला. ज्यांच्या नावाचे चर्च या शहरात उभे आहे ते अमेरिकन मिशनरी रॉबर्ट ह्यूम १८४७ साली मुंबईत जन्मले, लहानपणी अमेरिकेला गेले, १८७४ साली परत येऊन पन्नासएक वर्षे नगर भागात राबले आणि १९२९ साली अमेरिकेत वारले. रजेवर तिकडे गेल्यावर त्यांच्या एखाद्या मावशीनेही ‘तुला आता इथली थंडी सोसायची नाही’ म्हणून त्यांच्या पलंगावर एक पांघरूण जास्तीचे ठेवले असेलच. त्याचे त्यांना वाईट वाटले की नाही, हे त्यांचे चरित्र सांगणारे कोणीही सांगत नाही. त्या पांघरुणावर मी बराच वेळ स्वतःची कीव करून घेतली.

तेवढ्यात दादाचा मुलगा आला. दिवाळीच्या सुटीत तो पुण्याच्या मंडळीतील तरुणांबरोबर नंदुरबारकडच्या पाड्यांवर जातो. त्याला मी बाटलीची हकीकत सांगितली, तर तो निर्विकारपणे म्हणाला, “आत्या, आम्ही तर पाण्याचे जार गाडीत घालूनच नेतो. आम्हालापण तिथे शाल घालतात.” मला हसू आवरेना. म्हणजे बोस्टनकडचे लोक नगरला पाहुणे, नगर-पुण्याचे लोक नंदुरबारला पाहुणे, आणि प्रत्येकाबरोबर त्याचे पाणी. आमच्या गटप्रमुख बाई प्रत्येक ठिकाणी मोठ्या भक्तिभावाने सांगतात की, ६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्समधील सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली, त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट पुढच्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले, आणि १८२६ साली हॉल नाशिककडे फिरतीवर असताना पटकीने वारले. पटकी हा पाण्यातून होणारा रोग आहे, हे भाषांतर करताना आजवर माझ्या ध्यानात आले नव्हते. मावशीला हे सांगितले, तेव्हा ती भांडी विसळता विसळता म्हणाली, “मग? मी काय वेगळं सांगतेय?”

उद्या नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याला जायचे आहे. गटप्रमुख बाई तिथेही सेलमपासूनच सुरुवात करणार, म्हणून मी त्यांना विनंती केली आहे की इतिहास पाच मिनिटांत आटोपावा, कारण वसतिगृहात जेवणाची घंटा साडेबाराला होते आणि पाहुण्यांचे बोलणे संपेपर्यंत कोणीही ताट घेत नाही. त्यांनी आश्चर्याने विचारले की, हे तुम्हाला कोणी सांगितले? मी म्हटले, मला माहीत आहे. त्यांनी वहीत टिपून घेतले, आणि नॉट यांना वगळायचे ठरवले.