प्रोटीन १८.६ टक्के

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये नमुने घेऊन माणसं सहसा येत नाहीत. कुरिअर येतं, नाहीतर कंपनीचा ड्रायव्हर येतो आणि सही घेऊन जातो. माल ठरलेला: पशुखाद्य, कोंबडीखाद्य, सोयापेंड, मका. त्यामुळे "एक आजी आल्यात, कुत्र्याचं खाणं तपासायचं म्हणतायत" असा निरोप आला तेव्हा पत्ता चुकला असेल असंच वाटलं.

पत्ता चुकला नव्हता. बाई सदाशिव पेठेतून मनपाच्या थांब्यावर येऊन तिथून भोसरीची बस धरून आल्या होत्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पुढ्यात दोन छापील पिशव्या, तोंडाला चिमटे लावलेल्या, आणि तिसरी दुधाची पिशवी, धुऊन वाळवून तिच्यात काहीतरी भरलेलं. मी दरपत्रक पुढे केलं.

"प्रत्येक चाचणीचे वेगळे पैसे? वर अठरा टक्के जीएसटी?"

"हो, बाई."

"मग सगळं करू नका. काय करायचं ते मी सांगते."

आणि त्यांनी खरंच सांगितलं. दोन्ही छापील पिशव्यांची लेबलं त्यांनी कागदावर उतरवून घेतली होती. घरी लॅब्रॅडॉर, नाव बंड्या, वय सहा. बंगळुरूचा मुलगा त्याच्यासाठी महागडं, धान्य नसलेलं खाद्य मागवून देतो. यादीत पहिला घटक ताजं चिकन. दुसरी पिशवी जवळपास निम्म्या किमतीची, यादीत आधी तांदूळ आणि मग चिकन मील. मुलाचं म्हणणं, पहिलं चिकन ते चांगलं. बाईंचं म्हणणं, पोरगा शाळेपासून उदाहरण पूर्ण वाचत नाही.

"हे बघ," त्या एव्हाना अहोवरून अगंवर आल्या होत्या, "यादी वजनाने लावतात ना? पण कधीचं वजन? शिजवायच्या आधीचं. समजा शंभर किलोत ताजं चिकन तीस किलो. त्यातलं सत्तर टक्के पाणी. यंत्रातून वाळून बाहेर पडलं की उरलं नऊ किलो. आता वाटाणा बघ. वाटाणा, वाटाण्याचं प्रोटीन, वाटाण्याचा तंतू, तीन ठिकाणी तीन नावांनी. एकत्र केला तर तो पहिला येईल का नाही?"

येईल. एकच घटक तोडून दोन-तीन जागी लिहायचा म्हणजे तो यादीत खाली सरकतो, ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे, आणि त्यात खोटं काहीच छापलेलं नसतं. उलट चिकन मील म्हणजे आधीच शिजवून, चरबी काढून वाळवलेला माल. पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, प्रोटीन साधारण पासष्ट. यादीत ते दुसरं असलं तरी पिशवीत जाताना त्याचं वजन घटत नाही. बाईंना हे पुस्तकातून सापडलं नव्हतं, त्यांनी पाणी वजा करून काढलं होतं. मला हा सगळा प्रकार भलताच आवडला, हे लपवत नाही.

मी त्यात एवढीच भर घातली की मीलमध्ये मांस किती आणि हाड किती हे यादी सांगत नाही, राख सांगते. नमुना भट्टीत ६०० अंशांवर जाळला की सेंद्रिय सगळं उडून जातं आणि खनिजं मागे राहतात. हाड जास्त तर राख जास्त. आणि पिष्ट पदार्थ किती हे तर बहुतेक लेबलांवर नसतंच. ते वजाबाकीने काढायचं. शंभरातून प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा आणि राख वजा करा. महागड्या पिशवीच्या लेबलावर २६, १४, ४ आणि १०. राख आठ धरली तर उरतात ३८. धान्य नाही हे खरं, स्टार्च नाही असं मात्र कुणी म्हटलेलं नाही.

"म्हणजे वाटाणा वाईट?"

वाईट म्हणता येत नाही. जुलै २०१८मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डाळी-वाटाण्यांवर आधारलेल्या खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या हृदयाच्या एका आजाराचा काही संबंध आहे का याची चौकशी जाहीर केली होती. कार्यकारणाचा पुरावा काही पक्का झाला नाही. मी तेवढंच सांगितलं. बाकी बंड्याच्या डॉक्टरांनी बघायचं.

निघताना त्यांनी दुधाची पिशवी पुढे सरकवली. "ही आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांची. दुकानात गोणीतून सुटं खाणं मिळतं, ते मी रोज संध्याकाळी घालते. पैसे उरले तर हिचंही प्रोटीन बघ."

पिशवीत लाल, हिरवे आणि पिवळट दाणे. रंग अर्थातच विकत घेणाऱ्यासाठी. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक धड दिसत नाही, त्याची दुनिया निळ्या-पिवळ्यात चालते. मी दाणा बोटांनी मोडून हुंगला. खवट. दाण्यावर वरून फवारलेली चरबी हवेला आणि उजेडाला उघडी राहिली की हे होणारच, आणि गोणीचं तोंड दिवसभर उघडंच असतं. त्यात पावसाळ्याचे दिवस. पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे खवटपणाचा आकडा, न काढताही मी ते बाजूला ठेवलं असतं. पण बाईंनी प्रोटीन विचारलं होतं.

दोन छापील पिशव्यांचं फार काही सांगण्यासारखं नाही. दोन्ही लेबलाला जागल्या. महागडीत प्रोटीन २६ला थोडं वर, राख साडेसात. स्वस्तात २४, राख साडेनऊ. म्हणजे मीलमध्ये हाड आहे, पण अति नाही. पेप्सिनच्या चाचणीत दोन्ही बरोबरीच्या. या चाचणीत नमुना पेप्सिन या जठरातल्या पाचक द्रव्यात आणि सौम्य आम्लात ४५ अंशांवर सोळा तास फिरवत ठेवायचा आणि न विरघळलेल्या गाळात किती नायट्रोजन उरला, म्हणजे किती प्रोटीन पचलं नाही, ते मोजायचं. पिसं, खूर, जळका माल असला तर गाळ भरपूर राहतो. इथे राहिला नाही. निम्म्या किमतीचा माल महागड्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता, बाईंचा निम्मा मुद्दा तिथेच सिद्ध झाला.

सुट्ट्या मालाचे आकडे आले तेव्हा मात्र मी वही पुन्हा तपासली. प्रोटीन १८.६. ओलावा ११. म्हणजे पाणी वगळून धरलं तर जवळपास २१ टक्के. अमेरिकेत एएएफसीओ ही पशुखाद्याचे निकष ठरवणारी संस्था वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याच्या खाद्याला किमान १८ मागते, तेही पाणी वगळूनच. गोणीतला हा माल त्या परीक्षेत पास होता! आणि पेप्सिनच्या चाचणीत तर तो तिघांत पहिला. गाळात नायट्रोजन जवळजवळ नाहीच.

इतका खवट, इतका स्वस्त, आणि पचायला सगळ्यांत उत्तम? आमचे सर म्हणाले, "असेल सोया." पण सोयापेंड असली तर तिची सालं दिसतात. मी नमुना दळून क्लोरोफॉर्ममध्ये टाकला. हाडं, वाळू, मीठ असं जड ते तळाला बसतं, बाकी वर तरंगतं. तळाशी चमचाभर करडी कचकच, हाडाचे तुकडे तुरळक. वरचा थर वाळवून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली धरला. भाताची तुसं ओळखायला चूक होत नाही: सोनेरी, चकचकीत, अंगावर उभ्या ओळींत बारीक उंचवटे. ती जिकडेतिकडे. मक्याचा भरडा, तांदळाचा कोंडा. सोयाचं साल शोधून सापडेना, शेंगदाण्याच्या पेंडीचं लाल टरफल नाही, मांसाचे तंतू नावाला. अविद्राव्य राख म्हणजे आम्लात उकळूनही न विरघळणारी, तीही भरपूर. तुसात सिलिका असतेच, त्यात थोडी वाळूही असावी.

गुरुवारी बाई रिपोर्ट घ्यायला आल्या. रिपोर्ट तयार नव्हता, म्हणून मी त्यांना मायक्रोस्कोपखालचं दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ डोळा लावला, मग विचारलं, "कोंड्यात प्रोटीन किती?"

"बारा-तेरा. कधी चौदा."

"भरड्यात?"

"नऊ."

"आणि तुसात?"

"दोन-तीन."

"अगं, मग सरासरी साडेअठरा कशी येईल? वर्गात सगळ्यांना चौदाच्या आत मार्क असतील तर वर्गाची सरासरी अठरा लागत नाही. कुणीतरी एकजण बाहेरचा बसलाय."

मी हातातला पेन टेबलावर ठेवला आणि रसायनांच्या कपाटाकडे गेले.

आम्ही प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजतो. योहान केल्डालने १८८३मध्ये बसवून दिलेली पद्धत आजही तीच: नमुना गंधकाम्लात उकळून सगळा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर काढायचा, मोजायचा आणि ६.२५ने गुणायचं, कारण प्रोटीनमध्ये सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजन मांसातून आला की आणखी कशातून, हे त्या नळीला कळत नाही. चीनमधून गेलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन घालणाऱ्यांनी याच फटीचा फायदा घेतला. २००७मध्ये अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या मूत्रपिंडांची वाट लागल्यावर ते उघडकीला आलं. पुढच्याच वर्षी तोच पदार्थ चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या पावडरीत निघाला.

आमच्याकडे मेलामाइनचा संशय घ्यायची गरज नव्हती. त्याहून स्वस्त वस्तू प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळते. युरिया. अनुदानाच्या ४५ किलोच्या गोणीला तीनशे रुपयेसुद्धा पडत नाहीत.

युरिया ओळखायची डीएमएबीची चाचणी सोपी असते: हे रसायन युरियाशी मिळून पिवळा रंग देतं. तीन नळ्या घेतल्या: एकीत बंड्याच्या महागड्या खाद्याचा अर्क, एकीत स्वस्ताचा, एकीत सुट्ट्याचा. अभिकर्मक घातला. पहिल्या दोन पाण्यासारख्या राहिल्या, अगदीच बघायचं तर किंचित पिवळसर झाक. तिसरी बघता बघता हिरवट पिवळी झाली, लिंबाच्या सालीसारखी, आणि गडद होत गेली. लॅब असिस्टंट पोरगा हातातलं काम सोडून येऊन उभा राहिला. पेप्सिनच्या चाचणीचं कोडंही तिथेच सुटलं: युरिया पाण्यातच विरघळतो, तो गाळात उरणार कुठून? सगळ्यांत जास्त "पचलेला" माल तो त्यामुळे ठरला होता.

मग खरं प्रोटीन वेगळं साकळवून काढलं. बारा टक्के. बाईंनी उरलेला हिशोब तोंडी केला. खताच्या युरियात नायट्रोजन सुमारे ४६ टक्के, गुणिले ६.२५, म्हणजे २८७च्या घरात. क्विंटलमागे एक किलो टाकला की रिपोर्टवर प्रोटीन जवळपास तीन टक्क्यांनी वर. फरक साडेसहाचा, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास. मी नळीतला रंग ठाऊक प्रमाणाच्या युरियाशी ताडून काढलेला आकडा त्याला लागूनच होता.

"विष आहे का हे?"

निरोगी कुत्रा एवढा युरिया लघवीवाटे टाकून देतो. त्याच्या शरीरात तो तसाही तयार होतच असतो. गाई-म्हशींच्या खुराकात तर तो ठरलेल्या प्रमाणात चालतो, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू त्याचं प्रोटीन बनवतात. कुत्र्याच्या पोटात ती सोय नाही. त्याला तो शून्य आहे. मूत्रपिंडं थकलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला वरून भार. आणि गल्लीत पिलं पाजणारी कुत्री असते, वाढीला लागलेली पिलं असतात. एएएफसीओ त्यांच्यासाठी पाणी वगळून साडेबावीस टक्के मागते आणि त्यांना तसंच धरलं तर मिळतायत साडेतेरा, तेही कोंड्याचे.

हा युरिया कुणी मुद्दाम घातला की गुरांच्या खुराकाच्याच यंत्रावर हे दाणे निघाले, की आणलेल्या सुक्या मासळीच्या भुकटीतच तो होता, हे नळी सांगत नाही. मी ते बाईंना स्पष्ट सांगितलं, कारण त्या आता थेट दुकानात जाणार हे दिसतच होतं.

गेल्याच. दुकानदार म्हणाला, आम्ही फक्त विकतो. माल कुणाचा, तर "वरून येतो". गोणीवर छापील काही नाही, बॅच नाही, तारीख नाही. आमच्या रिपोर्टवर "नमुना जसा प्राप्त झाला तसा तपासला" हे वाक्य असतं; नमुना बाईंनी स्वतः आणलेला, त्यामुळे तो त्याच गोणीतला हे कुणीही नाकारू शकतो. २००६चा अन्नसुरक्षा कायदा माणसाच्या खाण्यापुरता, जनावरांचं खाद्य त्याच्या व्याख्येतून वगळलेलं. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचं मानक आहे, आयएस ११९६८, पण मापाने विकल्या जाणाऱ्या मालावर त्याचा शिक्का शोधायचा कुठे? ग्राहक आयोगात जाऊ का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पावती आहे का? नव्हती. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जो राग होता तो दुकानदारावर कमी आणि स्वतःच्या पावती न घेण्यावर जास्त असावा.

बंड्या आता निम्म्या किमतीच्या पिशवीवर आहे. मुलाला त्यांनी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, खाली फक्त "उदाहरण पूर्ण वाच" एवढंच लिहून. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी चार घरांनी मिळून त्याच खाद्याची मोठी बंद पिशवी आणायची ठरली आहे. चार घरांत वाटली की उघडल्यापासून काही दिवसांत संपते, खवट व्हायला वेळच मिळत नाही.

सरांना मी सुचवलं की कुत्र्याच्या सुट्ट्या खाद्याचा नमुना आला की प्रोटीनबरोबर युरियाची चाचणी करायचीच, ग्राहकाने मागितली नसली तरी. अभिकर्मकाचे पैसे कोण देणार, हा त्यांचा पहिला प्रश्न. एका नळीचा खर्च काढून दाखवल्यावर गप्प बसले. त्यानंतर आलेले बहुतेक नमुने पाण्यासारखेच राहिले आहेत. सगळे मात्र नाहीत, आणि ज्यांत पिवळं येतं त्यांचं प्रोटीन दरवेळी अठराच्या जरासं वरच असतं.