टीव्हीच्या ट्रॉलीचा छोटा ओटा: माझा अनुभव

जुन्या टीव्ही ट्रॉलीचा मुलीसाठी भातुकलीचा, खेळण्यातला स्वयंपाकाचा ओटा केला. सुतारकाम एका रविवारात उरकलं, रंगाने मात्र पाच आठवडे खाल्ले. म्हणून इथे जास्त रंगाबद्दलच लिहितोय. सनमायकावर रंग आपोआप धरत नाही, आणि हे रंगाच्या दुकानात कुणी आपणहून सांगत नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

ट्रॉली जाड पेटीवाल्या टीव्हीच्या काळातली, सनमायका लावलेली होती. ९० सेंमी लांब, ४० खोल, चाकांसकट ५५ उंच, खाली दोन काचेची दारं आणि मधे व्हीसीडी प्लेअरचा कप्पा. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये अशा ट्रॉल्या धूळ खात पडलेल्या असतात. घेताना उलटी करून बघा. तळाला बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा असेल तर भुंगा लागलाय, मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. पार्टिकल बोर्डचे कोपरे पाण्याने फुगले असतील तर ती ट्रॉली सोडा. फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही आणि त्यात स्क्रू धरत नाही. चाकं काढून खाली रबरी बुश लावले की उंची ५० सेंमीवर येते. तीन वर्षांच्या मुलाला तेवढी बरोबर होते.

आता रंग. दुकानात ‘लाकडी फर्निचर रंगवायचंय’ असं सांगितलं की पांढरं वुड प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, हातात येतं. मलाही तेच मिळालं, वर ‘डायरेक्ट मारा, काही होत नाही’ हा सल्ला. प्रायमरचा एक हात, ऑइल पेंटचे दोन हात, दिसायला सुरेख. आठव्या दिवशी दाराच्या चौकटीला सहज नख लागलं आणि पिस्ता रंगाची बोटभर रुंद पट्टी दुधावरच्या सायीसारखी अख्खी उचलून आली. खाली सनमायका स्वच्छ, चकचकीत, जणू रंग कधी लागलाच नव्हता.

कारण साधं आहे. वुड प्रायमर उघड्या लाकडासाठी असतं. लाकडाच्या छिद्रांत ते मुरतं आणि तिथे धरून बसतं. सनमायकाच्या वरच्या थरात मेलामाइन असतं, त्याला छिद्रंच नाहीत. त्यात वर्षानुवर्षं फर्निचर पॉलिशने पुसलेली ट्रॉली असेल तर मेण आणि सिलिकॉनचा थर चढलेला असतो. त्यावर रंग मारला की छोटे गोल खड्डे पडतात, जणू तिथून रंग मागे सरकतो.

सगळा रंग खरवडून दुसऱ्यांदा जे केलं ते टिकलं. आधी भांड्यांच्या साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, थिनरच्या चिंधीने पुसायचं, चिंधी दोन-तीनदा बदलायची. घासायचं त्यानंतरच; आधी घासलं तर पॉलिश पेपर मेण ओरखड्यांमध्ये भरतो. १५० नंबरच्या पेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासा, मग २२०ने. बॅटरी तिरकी धरून बघा, कुठेही आरशासारखी चकाकी उरली तर तिथेच रंग सुटणार. कडा आणि कोपरे सगळ्यात आधी सुटतात, कारण तिथे आपण घाईने हात फिरवतो. धूळ ओल्या फडक्याने टिपा.

प्रायमर ऑटो पेंटच्या दुकानातून दोन डब्यांचं इपॉक्सी आणा, बेस आणि हार्डनर. प्रमाण डब्यावर दिलेलं असतं, अंदाजाने ओतू नका. मिसळलेला माल काही तासांत घट्ट होतो, म्हणून लागेल तेवढाच करायचा. गॅलरीत, वाफा अडवणारा मास्क लावून, मूल घरात नसताना. फोमच्या छोट्या रोलरने पातळ हात द्या. ब्रशच्या रेघा दिसतात.

पूर्ण वाळल्यावर एक परीक्षा घ्याच. मागच्या बाजूला ब्लेडने फुलीच्या आकाराच्या चिरा द्या, त्यावर पॅकिंगची टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपला प्रायमर आलं तर पुन्हा घासा, पुढचा रंग वाया घालवू नका. ही परीक्षा आधी माहीत असती तर माझे तीन आठवडे वाचले असते.

वर पाण्याचं इनॅमल मारलं, वास कमी येतो. एक मात्र लक्षात ठेवा, हाताला कोरडा लागलेला रंग आतून पक्का झालेला नसतो. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तर दोन-तीन आठवडे धरा. तोवर दारं बंद करू नका, चौकटीला चिकटतात आणि उघडताना रंग घेऊन येतात. पावसाळा संपेपर्यंत थांबता आलं तर फारच उत्तम.

आणि वरची फळी रंगवूच नका. भांडी आपटून तिथला रंग टिकत नाही. मूळ सनमायका ठेवा, किंवा ती घासून वर ग्रॅनाइटच्या नक्षीची १ मिमीची नवी चिकटवा.

बाकी काम सोपं. सिंकसाठी बोहरी आळीतून काठ असलेला स्टीलचा वाडगा घेतला. भोकाचा व्यास काठाच्या बाहेरच्या व्यासापेक्षा १२ मिमी कमी ठेवायचा. कापायच्या रेषेवर मास्किंग टेप लावा, आत १० मिमीचं भोक पाडून बारीक दातांचं जिगसॉ ब्लेड सोडा, म्हणजे सनमायकाचे टवके उडत नाहीत. नळ पीव्हीसीचा अर्धा इंची, त्याला २२ मिमीचं भोक आणि मागून कसायला चेकनट. जुना पितळी नळ नको, पितळेत शिसं असू शकतं आणि मुलं नळ तोंडात घालतात.

शिशावरून आठवलं. सनमायकाऐवजी जुना ऑइल पेंट मारलेलं कपाट मिळालं तर जपून. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावं हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासून घरभर धूळ करू नका. मी तर असं कपाट घेणारच नाही.

मागची फळी १२ मिमी प्लायची, टिंबर मार्केटमधून मापात कापून आणलेली. ट्रॉलीचा मूळ हार्डबोर्ड ३ मिमीचा, त्यात पळी-झाऱ्याचे हूक राहत नाहीत. शेगडीचे बर्नर म्हणजे एमडीएफच्या ११ सेंमीच्या चकत्या. बटणं ४ सेंमीपेक्षा मोठी घ्या आणि आतून नट-बोल्टने आवळा, नुसती चिकटवलेली निघतात. दिव्यांसाठी बटण-सेल वापरू नका, गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते.

दारांच्या काचा काढून ३ मिमी ॲक्रिलिक बसवलं. भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं, ड्रिल सावकाश, नाहीतर तडा जातो. बिजागरीकडची फट ५ मिमीपेक्षा कमी किंवा १२ पेक्षा जास्त ठेवा, मधल्या मापात बोट अडकतं. आणि भातुकली मांडण्याआधी दोन एल-पट्ट्या लावून ओटा भिंतीला पक्का करा. उघड्या दाराला लोंबकळलं की ट्रॉली पुढे कलते. विटेच्या भिंतीत ८ मिमीचा प्लग घ्या, आणि तो नुसत्या गिलाव्यात नको, विटेत गेला पाहिजे.